डेंजरजी

धनराजने सरकलेलं एक पोतं गुडघ्याने रेटून पुन्हा भिंतीला टेकवलं आणि खोलीच्या मधोमध येऊन एक टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली. मागे काहीच उरलं नाही. त्याने समाधानाने मान हलवली.

तिन्ही भिंतींना आढ्यापर्यंत धानाची पोती रचलेली होती आणि ती आवाज गपकन गिळत होती. चौथ्या बाजूच्या दारावर आईच्या दोन जाड वाकळा खिळ्यांना अडकवल्या होत्या. आढ्याच्या लाकडी फाट्याला बैलाचं जुनं दावं बांधून त्याला माईक टांगला होता. मुंबईतल्या स्टुडिओत महागड्या फोमच्या भिंती होत्या, पण इतकी मुकी खोली तिथेही त्याला मिळाली नव्हती. फक्त ती सोमवारपर्यंतच मुकी राहणार होती. सोमवारी ट्रॅक्टर येऊन सगळं धान खरेदी केंद्रावर जायचं होतं. त्याआधी अल्बमचं शेवटचं गाणं व्हायलाच हवं होतं.

दारावरची वाकळ खालून हलली. दोन वेण्या आणि मग एक डोकं आत आलं.

"डेंजरजी, आजी चहाले बलावते. बिस्कुट पायजे का तुमाले, मनते."

"येतो मनून सांग तिले."

डोकं लगेच बाहेर गेलं. ते धनराजच्या मुलीचं होतं. गुड्डी यंदाच पहिलीत गेली होती.

'राज डेंजर' हे नाव धनराजने पवनीच्या कॉलेजात रॅप करू लागला तेव्हा स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. पुढे ते पोस्टरवर आलं, लाखो मोबाइलांवर वाजलं, आणि आसगावच्या लोकांनी त्यातला राज काढून टाकून नुसता डेंजर ठेवला. किराणा दुकानातला माणूस "डेंजर आला का गा मुंबईहून?" असं विचारायचा. खुद्द त्याची आई जमुनाबाई "आमचा डेंजर जेवला नाई अजून" म्हणायची. गुड्डीने हेच नाव ऐकलं आणि त्याला आपल्या मनाने 'जी' लावला.

आसगावात 'जी' कोणाला आणि 'गा' कोणाला, हे पोरांना शिकवावं लागत नाही. गुरुजींना जी, एसटीच्या कंडक्टरला जी, लस टोचायला आलेल्या डॉक्टरला तर अगदी घाबरून जी. आपल्या माणसाला गा. गुड्डी आजोबांना "आजा गा" म्हणायची, शेजारच्या गोपीचंदला "काका गा", आणि बरोबरीच्या पोरांना तर गा म्हणत धपाटेही घालायची. बापाला मात्र ती जी म्हणायची. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. असता तर धनराजला बरं वाटलं असतं. रुसवा काढता येतो. ही पोरगी त्याच्याशी नीट, अदबीने वागत होती.

चहाला सगळे अंगणात बसले होते. गुड्डीचा खालचा दात हलत होता आणि तो जिभेने पुढे-मागे करणं हा तिचा सध्याचा मुख्य उद्योग होता.

"नको हालवू व," जमुनाबाई म्हणाली. "पडन तवा पडन. पडला का घरावरच्या कवेलूवर फेकाव लागते, मंग चिमनी नवा आनून देते."

"कोन फेकते?"

"घरच्याच मानसानं फेकाव लागते. पाहुन्यानं फेकला तं नवा दात बी पाहुन्यावानी येते. राहत नाई."

गुड्डीने यावर थोडा विचार केला. "माहा आजा फेकन," ती म्हणाली.

आजा बुधरामने बशीतला चहा ओढता ओढता हुंकार दिला. एवढ्या मोठ्या कामाला आपली निवड झाल्याचा आनंद त्याला लपवता आला नाही. धनराजच्या बायकोने, रुपाने, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि बिस्किटांचा पुडा त्याच्या पुढे सरकवला. धनराजने एक बिस्किट घेतलं. ते चहात बुडवलं आणि विसरला. बिस्किट तळाशी गेलं.

मुळात तो गावी परतला होता तो एका वाक्यामुळे. दिवाळीला दोन दिवसांसाठी आला तेव्हा दार गुड्डीने उघडलं होतं. तिने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं आणि आत वळून हाक मारली होती, "आई वं, पाहुने आले!" सगळे हसले होते. धनराजही हसला होता. मुंबईला परतताना रेल्वेत तो हसू शकला नाही. त्याने खोली सोडली, सामान बांधलं आणि मनिषला सांगितलं की यापुढचं काम गावातून होईल. मनिष त्याचं संगीत करायचा आणि गाणी कंपनीपर्यंत पोचवायचा. त्याला वाटलं, हे आठवडाभराचं खूळ आहे.

ते खूळ नव्हतं. धनराजने एकेक गाणं त्या पोत्यांच्या खोलीत उभं राहून केलं. त्याच्या पहिल्या अल्बममध्ये त्याने जितके दुश्मन आडवे पाडले होते, तितकी माणसं आसगावात राहतही नव्हती. ह्या अल्बममध्ये एकही दुश्मन नव्हता. चिखलात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून वाकलेली आई होती, एकटीने घर ओढणारी बायको होती, आणि आरशासमोर उभा असलेला एक तिशी ओलांडलेला माणूस होता. मनिषकडे पहिलं गाणं गेलं तेव्हा त्यात शिवी नाही म्हणून त्याला वाटलं फाइल अर्धवट आली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र त्याने रात्रीच फोन करून पुढचं गाणं मागितलं होतं.

आज त्याचा फोन संध्याकाळी आला.

"कंपनीला सगळं आवडलंय," मनिष म्हणाला. "शेवटचं गाणं बापावरचं आहे ना, त्याच्या अखेरीला त्यांना एक गोष्ट हवी आहे. तुझी मुलगी. फक्त एक शब्द. 'बाबा.' म्युझिक थांबतं, चार ठोके रिकामे, आणि त्यात पोरीचा आवाज. काटा येईल अंगावर."

धनराजने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय झालं? लाजते का ती?"

"लाजत नाई."

"मग? हे बघ, नसेल जमत तर इथे एक मुलगी आहे. जाहिरातींना आवाज देते. गोड बोलते. सोमवारपर्यंत तुझी फाइल नाही आली तर तिचा आवाज टाकतो."

"दुसऱ्याची पोट्टी माह्या गान्यात बाबा मनन?"

"ऐकणाऱ्याला काय कळणार आहे?"

"मले कळन ना," धनराज म्हणाला. "थांब सोमवारलोक. दुसरा आवाज नको टाकू."

फोन ठेवून तो अंगणातल्या खाटेवर बसला. आतून गुड्डीचं आजोबांशी चाललेलं भांडण ऐकू येत होतं. "अगा, तू खोटा खेळतेस गा आजा!" प्रत्येक वाक्यात एक गा. नाणी उधळावीत तसे ती ते उधळत होती.

शाळा सुटून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने तिला खोलीत बोलावलं. हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवले, तेव्हा ते मानेपर्यंत घसरले. तिला त्याची गंमत वाटली. माईक तिच्या उंचीला यावा म्हणून त्याने दावं सैल केलं.

"एक शब्द बोलाचा हाय," तो म्हणाला. "बाबा. बस. बोलशीन?"

"हो जी."

तिने हात मागे बांधले, पायाशी पाय जुळवले आणि छाती पुढे काढली.

"बाबा."

शब्द खणखणीत आला. स्वच्छ, गोड, नेमका ठोक्यावर. माईकने तो जसाच्या तसा टिपला. लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी रेघ उंच उठली आणि खाली बसली.

"झालं का जी?" गुड्डीने विचारलं. "जाऊ?"

"जाय."

ती पळाली. धनराजने तो शब्द पुन्हा लावला. मग पुन्हा. मनिषला हवा होता तसाच होता, काटा आला असता अंगावर. पण गुड्डीने तो फळ्यावरचा शब्द वाचावा तसा वाचला होता. बदक, बगळा, बाबा. शाळेत तपासणीला साहेब येतात तेव्हा अशीच उभी राहून ती कविता म्हणत असणार. अख्ख्या महाराष्ट्राला हे ऐकवलं असतं तर अख्ख्या महाराष्ट्राने विश्वास ठेवला असता, एवढं ते चांगलं होतं. त्याने फाइल पुसली. नंतर कचऱ्यातूनही पुसली, म्हणजे उद्या मन बदललं तरी ती मिळायला नको.

रुपा मागच्या अंगणात भांडी घासत होती. ती अंगणवाडीत सेविका होती, पोरं बोलती करणं हे तिचं रोजचं काम. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"शिकवू का तिले?" तिने मान वर न करता विचारलं. "दोन दिवसात मनाले लागन. बाबा मनन, अगा मनन, सगळं मनन. पोट्टी हुशार हाय."

"नको."

"मंग थांबाव लागते."

"थांबून राहिलोच ना."

रुपाने कढईवर राख दाबली. "सहा वर्सं आमी दोघी थांबलो. तुमी दोन महिन्यात दमले का?"

हे तिने भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते लागलं. धनराज खाली बसला, घासलेलं एक भांडं बादलीत विसळलं आणि पालथं घातलं. मग दुसरं.

"दमलो नाई," तो म्हणाला. "कोठी जाऊन राहिलो मी? इथंच हावो."

त्याच संध्याकाळी त्याने शेवटचं गाणं काढून टाकलं. त्यात बाप वाघ होता, डोंगर होता, छप्पर होता, बाप होण्याने त्याचं सगळं जगच उजळून निघालं होतं. ऐकायला भारी होतं. पण खोटं होतं. कोणासाठी छप्पर झाला होता तो? तो एकेक ओळ मोडत गेला आणि जे खरं होतं तेवढं ठेवत गेला. खरं फार थोडं निघालं.

पुढचे दिवस त्याने दोन कामं केली. दुपारी, घर रिकामं असताना, गाणं. आणि सकाळी गुड्डीची वेणी. रुपा अंगणवाडीला लवकर निघायची, म्हणून वेणीचं काम त्याने मागून घेतलं होतं आणि त्यात त्याच्या नाकी नऊ आले होते. तीन पेडांतला एक दर वेळी बोटांतून निसटायचा. गुड्डी हातात छोटा आरसा धरून मुकाट बसायची आणि शेवटी निकाल द्यायची.

"वाकडी झाली जी."

"उकलू का पुन्हा?"

"राहू द्या जी. घंटा होते."

तिच्या ह्या 'राहू द्या'त एवढा समजूतदारपणा असायचा की त्याला ती चिडावी असं वाटायचं. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसायचा. "दात दाखव." ती तोंड उघडायची. तो बोटाने हळूच हलवून पाहायचा आणि डॉक्टरसारखं तोंड करून सांगायचा, "आज कालच्यापेक्षा जास्त हालते." ही एकच बातमी अशी होती की ती ऐकताना गुड्डी जी विसरून नुसतीच डोळे मोठे करायची. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून तोंड उघडून त्याच्यासमोर उभी राहिली. धनराजने पाहिलं आणि सांगितलं. त्याने त्यावर गाणं करायचा मोह मात्र आवरला.

जमुनाबाईला हे सगळं बघवत नव्हतं. "बाबा मन व त्याले," ती नातीवर डाफरायची. "सख्ख्या बापाले का कोनी जी मनते?" त्यावर गुड्डी आजीच्या देखत त्याला काहीच म्हणेनाशी झाली. त्याला हाक न मारताच ती बोलायची, थेट समोर येऊन. ते जी-पेक्षा वाईट होतं.

"तू नको बोलू तिले," धनराज आईला म्हणाला. "मनू दे डेंजरजी. तेवढं तरी माहं हाय."

जमुनाबाईने तोंडाला पदर लावला. धनराजच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने ते पुसलं नाही आणि लपवलंही नाही. जुन्या राज डेंजरने आधी गॉगल शोधला असता.

रविवारी दुपारी रेकॉर्डिंग ठरलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येणार होता, त्यामुळे आज म्हणजे आजच. अख्ख्या घराला कामं वाटून दिली होती. रुपाने शेजारी जाऊन मिक्सर न लावण्याचं वचन घेतलं. जमुनाबाईने कोंबड्या वाडीकडे हाकलल्या. बुधराम काठी घेऊन ओट्यावर, खोलीच्या दाराला पाठ लावून बसला. भंगारवाला आला तर त्याने ओरडायच्या आत त्याला हाताने परतवायचं, अशी त्याला ताकीद होती.

"कोनालेच सोडाचं नाई?" त्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"कोनालेच नाई."

धनराजने दार लावलं, वाकळा सारख्या केल्या, हेडफोन चढवले. आत धानाचा कोरडा, गोडसर वास कोंडला होता. त्याने डोळे मिटले आणि ठोका सुरू केला. मागे फक्त एक संथ डफ होता. जुन्या गाण्यांत तो माईकवर तुटून पडायचा. आज समोर कोणी बसलंय अशा आवाजात त्याने सुरुवात केली.

"स्टेजवर गेलो तवा हात हजार वर,
माह्याच दारी पोर इचारते, कोनाचं जी घर?
माईक धरला हातानं, हात कापला नाई,
तीन पेडाची वेनी गुंफतो, एक पेड राहत नाई.
डेंजर होतो दुनियेले, घरी होतो कोन?
वाढदिवसाले केक कापे तिकडं, इकडं माहा फोन..."

श्वास जागेवर पडत होता. शब्द अडखळत नव्हते. असं वर्षातून एखाद्या वेळेस होतं, आणि होत असताना कळतं. तो जमिनीवर आहे हे त्याला जाणवत नव्हतं. दुसरं कडवं गेलं. तिसरं गेलं. आता लेकीला उद्देशून असलेली अखेरची ओळ राहिली होती आणि तिच्यासाठी त्याने डफ थांबवला होता. 'पाहुना मनून आलो व माय, दार तेवढं उघडं ठेव.' एवढंच म्हणायचं आणि पुढचे चार ठोके रिकामे सोडायचे. त्या रिकाम्या ठोक्यांत काहीही भरायचं नाही, हे त्याने पक्कं केलं होतं. कंपनीला ठेवायचं तर ठेवू दे, नाहीतर राहिलं.

डफ थांबला. धनराजने श्वास घेतला.

दार धाडकन उघडलं. वाकळ खिळ्यातून निसटून खाली पडली आणि तिच्यावरून अडखळत गुड्डी आत आली. तोंडावर रक्ताचा ठिपका, डोळे विस्फारलेले, मूठ वर.

"पडला!" ती ओरडली. "अगा, पडला! पाह्य ना गा! दात पडला!"

धनराज जिथल्या तिथे उभा राहिला. हेडफोनमधून तिचा आवाज त्याच्या कानात, दोन्ही बाजूंनी, तिच्या प्रत्यक्ष आवाजापेक्षा मोठा येत होता. पडलेल्या दाताच्या फटीतून शब्दात हवा सुटत होती.

"आता काय उभा हायेस!" गुड्डीने त्याच्या शर्टाचं टोक धरून ओढलं. "फेक ना गा वर! चाल! चिमनी जाइन मंग!"

त्याने हेडफोन काढले. ते माईकजवळ लोंबत राहिले. रेकॉर्डिंग बंद करायला हवं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो तिच्यामागे बाहेर गेला.

अंगणात ऊन होतं. तिने मूठ उघडली आणि तांदळाच्या दाण्याएवढा दात त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने दोन पावलं मागे जाऊन कौलांकडे नेम धरला.

"चिमनीले सांग!" गुड्डीने बजावलं. "जोरानं सांग, नाई तं आयकू नाई येत तिले."

"चिमनी चिमनी, जुना दात घे, नवा दात दे!" धनराज ओरडला. हजारोंच्या गर्दीत कमावलेला आवाज होता तो, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दात कौलावर टक्‌ करून वाजला, थोडा घरंगळला आणि एका खाचेत अडकून राहिला.

गुड्डी खात्री करून घेत वर बघत राहिली. मग समाधान होऊन, ही बातमी सांगायला, शेजारी पळाली.

ओट्यावर बुधराम काठी मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा चेहरा अपराधी होता आणि तरी तो हसू दाबत होता.

"आडवली नाई का गा बाबा तिले?" धनराजने विचारलं.

"आडवली ना. मनलो, आन इकडं, मी फेकतो." बुधरामने काठीने जमिनीवर रेघ ओढली. "मले मनते, तू सरक."

रुपा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली आणि धनराजच्या तळहातावर लागलेला रक्ताचा ठिपका तिने पदराच्या टोकाने पुसला.

त्या दिवशी दिवस मावळायला बराच अवकाश होता. खोली अजून मुकी होती, वाकळ पुन्हा अडकवता आली असती, शेवटची ओळ पुन्हा म्हणता आली असती. धनराज आत गेला. माईक तसाच चालू होता. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं आणि सुरुवातीपासून ऐकलं. मग ती फाइल जशी होती तशी मनिषला पाठवली आणि माईकचं दावं सोडून गुंडाळून ठेवलं.

सोमवारी सकाळी ट्रॅक्टर दारात उभा असताना फोन आला.

"धनराज, हे काय पाठवलंयस तू?" मनिषचा आवाज जागरणाने बसला होता. "तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला टेक, आणि शेवटी दार आपटतंय, पोरगी ओरडतेय, शेवटची ओळ नाहीच. म्हटलं कापून टाकू. पण कापता येईना. सारखं ऐकतोय रात्रीपासून. ती तुला 'गा, गा' म्हणतेय ना? तू मधेच थांबलास म्हणून? बापाला सांगते, थांबू नकोस, गा. काय सुचलं रे पोरीला!"

धनराज हसला. हमाल एक पोतं पाठीवर घेऊन त्याच्या बाजूने गेला.

"कंपनीवाले एवढंच विचारतील," मनिष पुढे म्हणाला, "की ती 'बाबा' कुठे म्हणाली?"

"मनली ना."

"नाही रे. मी हेडफोन लावून ऐकलं."

"मनली," धनराज म्हणाला. "तुले आयकू नाई येनार. राहू दे तसंच. त्यातलं काई कापू नको."

"आणि शेवटची ओळ?"

"तिचं काम नाई आता."

त्याने फोन खिशात टाकला आणि पोती उचलू लागला. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. जमिनीवर सांडलेलं धान जमुनाबाईने झाडून सुपात घेतलं. भिंती उघड्या पडल्या आणि खोलीत आवाज घुमू लागला. माणूस खोकला तरी आवाज वरून परत यायचा. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने खोली कामातून गेली होती.

शाळेतून आलेली गुड्डी दप्तरासकट दारात थबकली. एवढी मोठी खोली तिने महिन्याभरात पाहिली नव्हती. ती मधोमध जाऊन उभी राहिली, मान वर करून आढ्याकडे पाहिलं, आणि घुमतंय हे लक्षात येताच पूर्ण ताकदीने, नव्या फटीतून हवा सोडत ओरडली.

"अगा बाबा! कोठी हायेस गा?"

भिंतींनी ते दोनदा परत केलं. अंगणात ट्रॅक्टरवाल्याला दोर आवळून देत असलेल्या धनराजच्या हातातून दोर सुटला.

"आलो व माय," तो म्हणाला आणि आत गेला.